खड्ड्याने परत केलेल्या वस्तू

आमच्या इमारतीच्या सूचना फलकावर माझा फोटो लागला, त्याखाली ‘पर्यावरणप्रेमी रहिवासी’ असं लिहिलेलं होतं. फोटोत माझ्या हातात फावडं आहे, आणि चेहऱ्यावर जो काही भाव आहे त्याला आमच्या अध्यक्षांनी भाषणात ‘सेवेचं तेज’ म्हटलं. तेज कसलं डोंबलाचं! ती शुद्ध भीती होती.

पर्यावरणावर माझं प्रेम नाही आणि रागही नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार कक्षात बसतो. ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे’ हे वाक्य मी दिवसातून पन्नास-साठ वेळा म्हणतो आणि त्यापलीकडे काही करत नाही. अशा माणसाने रजा टाकून, कंबरेला टॉवेल गुंडाळून भर उन्हात खड्डा खणावा, याला काहीतरी कारण लागतं. ते कारण म्हणजे बाबांची कवळी.

सांगतोच आता. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मला स्वच्छतेचा झटका आला. वर्षातून एकदा येतो आणि घरातले सगळे घाबरतात. बाथरूमच्या फळीवर स्टीलचा एक पेला होता. त्यात पाणी होतं. मी न बघता मागच्या दारातून ते पाणी भिरकावलं. पाण्याचा जसा आवाज यायला हवा तसा आला नाही. टक्कन आला. बाबांची वरची कवळी दगडी पायरीवर पडून मधोमध दुभंगली होती.

सरळ आत जाऊन ‘बाबा, चुकलं’ म्हणायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. विचारा. मीही सहा वर्षं तेच विचारतोय. पण बाबा भयंकर तापट, आणि चाळिशी उलटून गेली तरी त्यांच्यापुढे माझी ततपप व्हायची. मी ते दोन तुकडे माझ्या चष्म्याच्या डबीत घातले, डबी मागच्या दाराबाहेरच्या मातीच्या पट्टीत पुरली, हात धुतले आणि पेपर वाचत बसलो. माती सगळं पोटात घेते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

बाबा त्यानंतर बावीस दिवस जगले. कवळीचा आणि त्यांच्या जाण्याचा काही संबंध नव्हता, ते हृदय होतं, डॉक्टरांनी लिहून दिलंय. पण शेवटच्या दुपारी त्यांनी आईचा हात धरून तीनदा तेच एक वाक्य म्हटलं, आणि दातांशिवाय त्यातलं अक्षर कोणाला कळलं नाही. नुसती हवा. नवी कवळी तयार झाल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा बाबा जाऊन चार दिवस झाले होते.

घरातला कचरा बायको टाकायची. त्यामुळे आईने एकदाच, कोणाकडेही न बघता म्हटलं, “डबा बघून टाकावा, बाई.” बस्स, एवढंच. माझी बायको एरवी ऐकून घेणाऱ्यातली नाही, हे मी स्वानुभवावरून सांगतो. पण त्या दिवशी तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती गप्प बसली. दुसऱ्या दिवसापासून आई रोज सकाळी कचऱ्याच्या डब्याशेजारी पाट घेऊन बसायला लागली. हातात चिमटा. एकेक साल उचलून बघायची, मग म्हणायची, “ने आता.” सहा वर्षांत खाडा नाही. आणि सहा वर्षांत मी तोंडातून ब्र काढला नाही.

अशी सगळी स्थिर परिस्थिती असताना वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. यापुढे ओला कचरा उचलणार नाही, प्रत्येक इमारतीने आपापल्या आवारात तो जिरवावा. अध्यक्षांनी जिन्यात सभा बोलावली. हे गृहस्थ आयुष्यभर विमा कंपनीत होते, त्यामुळे कुठलंही वाक्य ‘समजा उद्या आपल्याला काही झालं’ इथून सुरू करतात.

“समजा उद्या आपल्याला काही झालं,” ते म्हणाले, “तर खत मागे राहील. खड्ड्याला जागा एकच. तळमजल्याच्या मागची पट्टी.”

तळमजला म्हणजे आम्ही. मी वास, डास, पाया खचणे असे तीन आक्षेप घेतले. ते नोंदवून घेण्यात आले. नोंदवून घेण्याचा अर्थ काय असतो हे माझ्याइतकं तिथे कोणाला माहीत नव्हतं.

“दोन मजूर लावू,” अध्यक्ष म्हणाले.

“मजूर कशाला?” मी ओरडलो. “मी खणतो! एकटा!”

जिन्यात टाळ्या पडल्या. फोटो त्यानंतरचा, खणायला सुरुवात केली तेव्हाचा आहे.

मी तीन दिवस खणलं. फणसाएवढे फोड आले असं मी ऑफिसात सांगितलं, पण वाटाण्याएवढे नक्कीच होते. वरच्या गॅलऱ्यांतून सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणे फावडं उलटं धरलंय, कोणी म्हणे कंबरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. एका बाईंनी तर वरून दोरीला बांधून मलम सोडलं. मला पर्वा नव्हती. पायरीपासून चार पावलं, भिंतीपासून दोन, अशी जागा माझ्या डोक्यात कोरलेली होती. तिथे हातभर खणलं. दोन हात खणलं. कमरेएवढं खणलं.

डबी नव्हती.

मी खड्ड्यात उभा राहिलो. भर दुपार, सगळी इमारत जेवून आडवी झालेली, वरचे सल्लागारही झोपलेले. चारी बाजूंनी काळी, सारखी, कापल्यासारखी माती. मला वाटलं, खरंच घेतलंन पोटात. सुटलो. मी चढून वर आलो तर आई मागच्या दारात उभी होती.

“काही सापडलं?” तिने विचारलं.

“काय सापडणार? माती आहे नुसती.”

“हं,” म्हणाली आणि आत गेली.

खड्डा सुरू झाला. सालं, देठं, चहाचा चोथा, सुकी पानं, वर मातीचा थर. डबा तपासायचा आईला सहा वर्षांचा अनुभव, म्हणून सगळ्या इमारतीचे डबे तिच्याकडे यायला लागले. पाट आता खड्ड्याच्या काठावर गेला.

पंधराएक दिवसांनी एका गार सकाळी मी मागचं दार उघडलं तर खड्ड्यातून वाफ येत होती. संथ, एका लयीत. झोपलेल्या माणसाचा श्वास असतो तशी. मी हात घातला आणि चटकन काढला. आत ताप आलेल्या अंगासारखं गरम होतं.

मी पळत दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळे रसायनबाई म्हणतात. त्या दार उघडताच शिकवायला लागतात, चप्पल काढायलाही वेळ देत नाहीत.

“उत्तम!” त्या म्हणाल्या. “जिवाणू जेवतायत. जेवलं की उष्णता निघतेच. पान, साल, कागद, सुती कापड, हे सगळं त्यांच्या ओळखीचं. कोट्यवधी वर्षांची ओळख आहे. ते खातात. प्लॅस्टिक, नायलॉन, ॲक्रिलिक हे काल आलेले पाहुणे. यांना कुठून तोडायचं तेच त्यांना कळत नाही.”

“मग त्याचं काय करतात?”

“काही नाही. तसंच ठेवतात. तुमच्या-आमच्या नातवंडांनंतरही तसंच.”

“ॲक्रिलिक म्हणजे,” मी विचारलं, “उदाहरणार्थ कशाकशात असतं हो?”

“बटणं, पेनं, कवळ्या,” रसायनबाई म्हणाल्या.

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यावर, कोणीतरी नीट मांडून ठेवावा तसा, बुटाचा तळ पडलेला होता. वरचं कातडं गेलेलं. नुसता रबरी तळ, टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. बाबा डावा पाय फेकून चालायचे. असा तळ जगात दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही.

मी तो शर्टाखाली लपवून आत नेला आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. कोणाला काय सांगणार? मी काही बूट पुरले नव्हते. मी फक्त कवळी पुरली होती. प्रत्येकाने आपापल्या पापापुरतं घाबरावं अशी माझी साधी अपेक्षा होती, इथे भलतंच निघत होतं.

चार दिवसांनी पट्ट्याचं बक्कल आलं. आठवड्याने बटणं. ही बटणं मी जन्मात विसरणार नाही. सहा बटणं, एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, मातीवर आडवी. सुती शर्ट गेला होता, पण शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा. तो राहिला, आणि त्याने बटणं जागच्या जागी धरून ठेवली होती. म्हणजे शर्ट नव्हता पण घातलेला होता. मी तिथेच मटकन बसलो.

“काय झालं हो?” बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

“कुठे काय? पाठ धरली.”

“रोजच धरते हल्ली,” ती म्हणाली आणि खिडकीतून तशीच बघत राहिली.

मग खिशाचं पेन आलं. आणि पेन आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा क्रम आहे. बूट, पट्टा, शर्ट, खिसा. बाबा खालून वर जमत होते. आता खांदे, मान, आणि मग... मी पुढचं मोजायचं सोडून दिलं. ऑफिसात एक बाई नळाला तीन दिवस पाणी नाही म्हणून रडत होत्या आणि मी त्यांना म्हणालो, “बाई, येईल. सगळं वर येतं.” साहेबांनी मला घरी जायला सांगितलं.

त्या शनिवारी टूथब्रश आला. निळा, केस एका बाजूला वाकलेले. बाबा तोंडापर्यंत आले होते.

मी अध्यक्षांना गाठलं आणि खड्डा बुजवून टाकू म्हणालो. ते म्हणाले, समजा उद्या आपल्याला काही झालं तरी आता खड्डा बुजवता येणार नाही, कारण तो वॉर्डाच्या नोंदीत चढलाय. बुजवायचा तर आधी तो चालू असल्याचा दाखला लागेल. दाखल्यासाठी अर्ज, अर्जासोबत अर्जदाराचा खड्ड्याशेजारी उभा असलेला फोटो. तो तर फलकावर होताच. त्यांनी माझ्या नावाने अर्ज करून टाकला. अधिकारी येऊन सगळं खत आपल्यासमोर चाळून बघणार, असं उत्तर आलं. तोवर खड्ड्याला तीन महिने होत आले होते.

“पण मधून मधून काहीबाही वर येतं,” मी चाचरत म्हणालो.

“घूस असेल,” अध्यक्ष म्हणाले. “खालून उकरते. घूस काय, दहा हात लांबचंही ढकलून आणते.”

घूस! मला या शब्दाने इतका धीर आला की मी त्यांचा हात दाबला. मग जिना उतरताना आठवलं की घुशीला बुटापासून ब्रशापर्यंतचा क्रम कसा ठाऊक? धीर तिथेच संपला.

अधिकारी दुपारी आले. हडकुळे गृहस्थ, काखेत फायली, चेहरा असा की यांना आजवर कशाचंच आश्चर्य वाटलेलं नाही. इमारतीत त्यांना लगेच कचरासाहेब हे नाव पडलं. सगळे रहिवासी मागे जमले. चाळायला मोठी जाळी आणली होती आणि जाळीशी पाट टाकून, चिमटा घेऊन माझी आई. बायको खत घमेल्यात भरून देत होती. मी सर्वांत पुढे, सेवेच्या तेजासह उभा होतो.

खत सुरेख झालं होतं. काळं, भुसभुशीत, वासही पावसात भिजलेल्या रानासारखा. तीन महिन्यांचा सगळ्या इमारतीचा कचरा, त्यात कोणाच्या घरचं काय हे आता कोणाच्या बापाला सांगता आलं नसतं. रसायनबाई सद्गदित झाल्या. तेवढ्यात जाळीवर काहीतरी खडखडलं. कंगवा. दोन दात तुटलेला.

आईने चिमट्याने तो उचलला, उन्हात धरला.

“हा मीच पुरला होता,” ती म्हणाली.

“तू?”

“ते गेल्यावर. कपाट उघडलं की त्यांचं सगळं तसंच. कोणाला द्यायला जीव होईना, ठेवायला धीर होईना. म्हटलं, ते मातीत गेले, तर हेही मागोमाग जाईल. रोज दुपारी एकेक पुरायची, तिकडे नळापाशी. बूट, पट्टा, शर्ट, ब्रश.” तिने कंगव्यावर अंगठा फिरवला. “जात का नाही रे हे?”

रसायनबाईंनी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच काही न शिकवता मिटलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे आई होती! आई आणि घूस! बाबा काही जमत नव्हते. मी चक्क हसलो. “आई, अगं मला सांगायचं नाहीस का?” असं मोठ्या मानभावीपणाने म्हणालो, आणि त्याच वेळी बायकोने शेवटचं घमेलं जाळीवर उपडं केलं.

डबी पडली. तपकिरी, लांबट, चष्म्याची. नवीकोरी वाटावी अशी. पायरीपासून चार पावलं आणि भिंतीपासून दोन. मी कुठे चुकलो होतो कोणास ठाऊक, आणि ती कुठून चालत आली होती तेही कोणास ठाऊक.

“माझी आहे,” मी हात पुढे केला. “जुनी. हरवली होती.”

पण आई सहा वर्षं प्रत्येक गोष्ट उघडून बघत आली होती. तिने झाकणाच्या फटीत चिमट्याचं टोक घातलं. डबी उघडली, आणि भर दुपारच्या उन्हात बाबा हसले. दोन तुकड्यांत, पण पूर्ण हसले. हिरड्या गुलाबी, दात पांढरे, कुठे डाग नाही. वस्तू हरवू नयेत म्हणून मी प्रत्येकीवर नाव घालतो, ते झाकणाच्या आत माझ्या अक्षरात होतंच. नाव आणि घराचा नंबरसुद्धा.

वर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

मी तक्रार कक्षातला माणूस. शंभर उत्तरं तोंडपाठ आहेत. त्यातलं एकही आलं नाही. “पेल्यात होती,” मी म्हणालो. “मी बघितलं नाही.”

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती बायकोकडे वळली. “तुझा डबा मी सहा वर्षं हुंगला, पोरी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “तू एकदाही बोलली नाहीस.”

“मला माहीत होतं, आई,” बायको म्हणाली. “मी खिडकीत कांदा चिरत होते. हे खणताना दिसले.”

“मग सांगायचंस ना!” हे ओरडलो मी. निर्लज्जपणा बघा माझा.

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते,” ती म्हणाली. रागाने नाही. राग केव्हाच संपला असावा. घमेलं खाली ठेवून तिने पदराला हात पुसले आणि ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती लाज कुजणाऱ्यातली नाही हे मला तिथेच कळलं.

कचरासाहेबांनी फाइल उघडली. “रकाना नऊ,” ते म्हणाले. “खड्ड्यात आढळलेली अविघटनशील वस्तू, आणि कोणी टाकली. स्वतः टाकली असं लिहा. म्हणजे पुढची चौकशीची पानं भरावी लागत नाहीत.”

मी लिहिलं. कवळी, एक. स्वतः. खाली सही केली. सहा वर्षांत एवढी सरळ सही मी कशावर केली नव्हती.

आईने ते दोन तुकडे तळहातावर जुळवले. फट दिसेनाशी झाली. तिने ते तोंडाजवळ नेले आणि हळू, अगदी रोजच्यासारखं, बाबा जेवायला बसले की विचारायची तसं विचारलं, “आता सांगा. काय म्हणत होतात?”

आम्ही सगळे, अध्यक्ष, रसायनबाई, कचरासाहेबसुद्धा, खरंच थांबलो. इतकी शांतता होती की खतातले किडे चालल्याचं ऐकू यावं. मग आईने मान हलवली आणि कवळी डबीत न ठेवता मुठीत घेऊन ती आत गेली.

दाखला मिळाला. फलकावरचा फोटो मी स्वतः काढून टाकला, अध्यक्षांनी परत लावला. चिमटा आता माझ्याकडे आहे. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी पाटावर बसतो, इमारतीचे डबे तपासतो, आणि बायको खिडकीतून म्हणते, “नीट बघा.” मी नीट बघतो.

कवळी पुन्हा बाथरूमच्या फळीवर आहे, त्याच स्टीलच्या पेल्यात. आईने संध्याकाळी काठोकाठ पाणी भरलं की सकाळी ते दोन बोटं कमी असतं. रसायनबाई म्हणतात, वाफ होते. अध्यक्ष म्हणतात, पेला गळका असेल. मी दोघांचंही नोंदवून घेतलंय. रोज सकाळी मी तो पेला आधी कानाशी धरतो, थोडा वेळ थांबतो आणि मग पाणी भरून ठेवतो.